खंडेनवमीची प्रेस

काळजी करायला मला कारण लागत नाही. तरी नोकरी अशी मिळाली की कारणं पगाराबरोबरच येतात. ठाण्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये समकालीन कलेचं संग्रहालय आहे, तिथला संग्रह मी सांभाळते. म्हणजे नक्की काय करते, हे मला घरी आजवर धड सांगता आलेलं नाही. आईच्या मते मी चित्रांवरची धूळ झटकते. बाबा शेजाऱ्यांना सांगतात की मुलगी म्युझियममध्ये आहे, आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आत विषय बदलतात. खरं सांगायचं तर मी दिवसभर दमट हवेशी भांडते. खाडीवरून येणारी हवा कागद फुगवते, लोखंड गंजवते, कापडाला कुबट वास आणते. आमच्याकडे एका कलावंताने रचलेला मिठाचा मोठा ढीग आहे. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. त्या ढिगाला मी जितकं जपलंय तितकं आमच्या ओट्यावरच्या मिठाला कुणी जपलं नसेल.

गेल्या वर्षी आमच्या संचालिका मॅडमनी बैठकीत जाहीर केलं, की या वेळच्या प्रदर्शनासाठी बाहेरून काहीही आणायचं नाही. "घरात आहे तेच नीट मांडू या. आपल्याकडे काय काय पडलंय ते लोकांना माहीत तरी आहे का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेरून आणलेल्या वस्तूची जबाबदारी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची असते. घरचं काही बिघडलं तर सगळे एकाच माणसाकडे बघतात, आणि तो माणूस मी होते.

गोदामातून एकेक वस्तू बाहेर निघू लागली. मीठ निघालं. शाळेच्या जुन्या फळ्यांवर काढलेली चित्रं निघाली, त्यातल्या एका फळ्याला वाळवी लागल्याचा मला संशय आला आणि दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. वाळवी नव्हती, जुनी भोकं होती. सगळ्यात शेवटी प्रेस निघाली, कारण तिला हलवायला क्रेन लागते.

ती खरोखरीची पॉवर प्रेस आहे, पत्रा कापायची. खाली साचा असतो. कामगार त्यावर पत्रा धरतो, पायाने पेडल दाबतो आणि वरून लोखंडी ठोकळा खाली येऊन पत्र्याचा तुकडा पाडतो. पत्रा धरणारा हात तेवढ्यात मागे घ्यायचा असतो. ज्यांनी ही कलाकृती केली त्या बाईंनी प्रेस होती तशीच ठेवली. ठिकठिकाणी उडालेला हिरवा रंग, एका बाजूला तेलात कालवलेल्या कुंकवाने काढलेला पुसट स्वस्तिक, दांड्याला बांधलेलं लाल फडकं, सगळं तसंच. साचा तेवढा काढला, तिथे रबराचा तुकडा बसवला आणि मागे छोटी मोटर लावली. त्यामुळे समोर कुणी नसतानाही ती थोड्या थोड्या वेळाने आपली आपण चालते. चाक फिरतं, ठोकळा खाली येतो, रबरावर धप्प आपटतो आणि परत वर जातो. भोवती जाळीचा पिंजरा आहे, तरी तो आवाज झाला की मी दरवेळी दचकते. बाजूच्या फलकावर मी लिहिलं होतं, 'वापरलेली पॉवर प्रेस, मोटर, रबर, तेल.' आमचे फलक असेच असतात, भाजीच्या कृतीतल्या साहित्यासारखे.

ही प्रेस आली तेव्हा मी नोकरीत नवीन होते. टेम्पोत भरायच्या आधी तिची अवस्था बघायला मलाच पाठवलं होतं. कळव्याला, एका बंद कारखान्याच्या आवारात. गवत वाढलेलं होतं, छपराचे पत्रे गेलेले होते आणि प्रेसच्या पेडलवर एक मांजर बसलं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची सगळी काळजी यातून आली. ती प्रेस कळव्याची होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

प्रदर्शन सुरू झालं. पाचसहा दिवसांनी वर्तमानपत्राच्या ठाण्याच्या पुरवणीत त्याची बातमी आली, सोबत प्रेसचा फोटो. पूर्ण प्रेस नव्हती त्यात. नुसता स्वस्तिक, हिरवा रंग आणि दांड्याचं लाल फडकं. डोंबिवलीच्या आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी पेपर बाबांच्या हातात जातो. मी चहा घेत होते. बाबांनी घडी उलगडली, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "ही आपली."

"काय आपलं?" आईने आतून विचारलं.

"प्रेस. आमच्या कंपनीतली. हा स्वस्तिक माझ्या हातचा आहे. कुंकू तेलात कालवायचं असतं, पाण्यात कालवलं की वाळून पडतं. मी कालवायचो." आणि त्यांनी त्या फोटोवर बोट ठेवलं.

ते बोट ठेवणं मला बघवलं नाही. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि करंगळीशेजारचं, मधल्या पेरापासून पुढे नाहीत. एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं करणारी कंपनी होती, तिथे ते प्रेसवर होते. मी शाळेत होते तेव्हा हे झालं. घरात त्यावर कधी बोलणं निघालं नाही. कुणी पाहुण्याने विचारलंच तर बाबा म्हणत, "प्रेसने घेतली," जणू कुणी छत्री मागून नेलीय आणि आणून देईल. पुढे कंपनी बंद झाली, यंत्रं भंगारात गेली, बाबांनी एका गोडाऊनमध्ये हिशेबनीसाचं काम धरलं आणि तिथूनच निवृत्त झाले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. "बाबा, ही कळव्याची आहे," एवढंच. तोंड उघडलंही. पण बाबा हातात फोन घेऊन नंबर शोधत होते, आणि त्यांचा चेहरा मी बरेच दिवसांत असा बघितला नव्हता. मी चहाचा कप उचलून मोरीत ठेवायला गेले. परत आले तेव्हा ते जोरजोरात सांगत होते, "अरे पेपर बघितलास का? नाही? मग बघ आधी."

हा फोन कोपरच्या काकांना होता. काका म्हणजे त्यांच्या कंपनीतले फिटर, बाबांचे सगळ्यात जुने दोस्त. यंत्र बिघडलं की काका त्याच्या पोटात शिरायचे आणि बाबा बाहेर बॅटरी धरून उभे राहायचे. संध्याकाळपर्यंत काकांनी आणखी चारपाच जणांना कळवलं होतं. आणि त्यांनीच टूम काढली. खंडेनवमी जवळ आली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रं बंद ठेवायची, धुऊनपुसून हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. कंपनी गेली आणि रीतही गेली. "बिचारीला कित्येक वर्षांत कुणी कुंकू लावलं नसेल," काका फोनवर एवढ्या मोठ्याने म्हणाले की मला बाजूला बसून ऐकू आलं. "आपण सगळे जाऊ. पोरगी तुझी तिथेच आहे की!"

"हो, हो. जाऊ की," बाबा म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज जरा उतरला, ते मला माझ्या गडबडीत तेव्हा कळलं नाही.

आमच्या घरात खंडेनवमी आई करते. पाटावर विळी, कात्री, पकड, पेचकस, तिच्या शिलाई मशीनची सुईची डबी आणि हल्ली माझा लॅपटॉप मांडते आणि सगळ्यांना कुंकू लावते. बाबा नेमके त्या वेळी चप्पल घालतात. "जरा चक्कर मारून येतो," म्हणतात आणि जेवायला परततात. त्यांचा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

पुढचे तीन आठवडे माझे फार वाईट गेले. सांगितलं नाही तर काय होईल, ते मला स्पष्ट दिसत होतं. सगळे म्हातारे लोक डोंबिवलीहून ठाण्याला येतील, दालनात उभे राहतील, त्यातला कुणीतरी एक म्हणेल, "अरे, ही कुठे आपली?" आणि बाबा सगळ्यांच्या देखत खोटे पडतील. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते तिथेच मटकन खाली बसल्याचं चित्र मी इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं की दालनात कुठली खुर्ची जवळ पडेल हेही बघून ठेवलं. आणि सांगितलं तर? तर ते सहजपणे "बरं," म्हणतील आणि एकेकाला फोन करून सांगतील की माझी चूक झाली, येऊ नका. हे मला पहिल्याहूनही असह्य वाटत होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांचा फोन दिवसच्या दिवस वाजत नसे. आता वाजत होता.

आईला सांगण्यात अर्थ नव्हता. आईला सांगणं म्हणजे बाबांना सांगणंच, फक्त अर्ध्या तासाने. तरी तिच्याही मनात काहीतरी होतं. एकदा भाजी निवडताना ती एकदम म्हणाली, "ह्यांना नेऊ नकोस तिथे."

"का गं?"

"नको म्हणते ना. काहीतरी कारण काढ. म्युझियम बंद आहे म्हणून सांग."

"आई, दसऱ्याच्या सुट्टीत म्युझियम बंद कसं असेल?"

"मग तुझं तू बघ," ती म्हणाली आणि मेथीची जुडी अशी आपटली की निम्मी पानं खाली गेली.

मी दोनदा प्रयत्न केला. एकदा गॅलरीत बाबा झाडांना पाणी घालत होते तेव्हा आडून विचारलं, "बाबा, अशा प्रेस पुष्कळ असतील ना? हिरव्या, स्वस्तिकवाल्या?" ते म्हणाले, "ढिगाने असतील. पण माणूस आपलं कपाट ओळखतो की नाही?" दुसऱ्या वेळी मी सरळ सांगायचं ठरवून त्यांच्यासमोर बसले, तर काका दारात उभे. हार किती मोठा लागेल ते विचारायला आलेले. दोघं टेप घेऊन हवेत मापं दाखवत बसले आणि मी त्यांच्यासाठी पोहे करायला आत गेले.

दिवस जवळ आला तसे बाबा फोनवर मोठमोठ्याने बोलत, आणि फोन ठेवला की गप्प बसत. टीव्ही चालू असायचा आणि ते डाव्या हाताने उजवा हात चोळत बसलेले असायचे. पानात भात टाकू लागले. माझी खात्रीच झाली की त्यांना कळलंय, किंवा तब्येत बिघडतेय, किंवा दोन्ही. "डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?" मी विचारलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणून ते वसकले. बाबा सहसा वसकत नाहीत.

इकडे ऑफिसात मला मॅडमची परवानगी काढायची होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नारळ फोडणार का?"

"नाही. मी बजावलंय."

"उदबत्ती, निरांजन?"

"नाही."

"कुंकू प्रेसला लावता येणार नाही, ते तूच मला सांगशील." ते खरंच होतं. कुणी चित्राला फुंकर घातली तरी मी धावत जाते. शेवटी ठरलं की प्रेसच्या खाली आम्ही बनवून घेतलेला लाकडी चौथरा आहे, त्याची कड जाळीच्या बाहेर येते, तिथे त्यांनी काय ते वाहावं. चौथरा पुन्हा रंगवता येतो. आणि खंडेनवमीला यंत्र चालवत नाहीत, म्हणून ते असेपर्यंत प्रेस बंद ठेवायची. त्यासाठी कलावंत बाईंना फोन करून विचारलं, त्या हो म्हणाल्या.

मी उठले तशी मॅडमनी हाक मारली. "पण ही तर कळव्याची ना?"

"हो."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग त्याचं काय करायचं ते तूच ठरव. मी कुणासमोर कळव्याचं नाव काढणार नाही." त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ओरडल्या असत्या तर मी घरी जाऊन सांगून टाकलं असतं.

खंडेनवमीच्या दिवशी पाचसहा जण आले. सगळे पांढऱ्या शर्टात, दाढी केलेले, एकाच्या हातात झेंडूची पिशवी. मी गेटवरच उभी होते. बॅगा तपासताना वॉचमनला काकांच्या पिशवीत नारळ सापडला. "फोडणार नाही हो, नुसता ठेवणार," काका म्हणाले. बराच वाद झाला. शेवटी सामान ठेवायच्या काउंटरवर नारळ जमा केला आणि त्याचं प्लास्टिकचं टोकन काकांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. एरवी मी हसले असते.

प्रेस बंद करायला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. पण दालनातला माणूस बदलून दुसरा आला होता आणि त्याच्यापर्यंत निरोप पोचलाच नव्हता. आम्ही आत शिरतो न शिरतो तोच ठोकळा खाली आला. धप्प.

त्या सगळ्यांचे हात मागे गेले. एकदम, सगळ्यांचे. पिशवीवाल्याच्या हातून पिशवी पडली आणि झेंडू जमिनीवर घरंगळले. बाबांचा उजवा हात त्यांच्या पाठीमागे होता. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मी धावत जाऊन बटण बंद केलं आणि चाक फिरत फिरत थांबलं.

सगळ्यांनी दालनाच्या दाराशी चपला काढल्या. त्यांचं बघून मागून आलेल्या एका कॉलेजच्या जोडप्यानेही बूट काढले. मग ते जाळीपाशी उभे राहिले. बाबा सगळ्यांच्या पुढे. त्यांनी स्वस्तिकाकडे बघितलं, लाल फडक्याकडे बघितलं, आणि जाळीला धरून हळूहळू पलीकडच्या बाजूला गेले. तिथे ते बराच वेळ थांबले. बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मिठाच्या ढिगाकडे बघू लागले.

ते परत समोर आले. "कुंकू दे रे," ते काकांना म्हणाले.

काकांनी पुडी उघडून धरली. कुंकू करंगळीशेजारच्या बोटाने लावतात. बाबांचं ते बोट अर्धं आहे. त्यांनी तेच बोट पुडीत बुडवलं, वाकले, आणि चौथऱ्याच्या कडेवर एक ठसठशीत टिळा लावला. मग हळद. मग एक झेंडू. हात जोडून उभे राहिले. त्यांच्यामागून एकेकाने तसंच केलं. काका प्रेसला हळूच काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. ते जोडपं भिंतीशी सरळ उभं होतं. मॅडम कधी येऊन मागे थांबल्या होत्या कोण जाणे, त्यांच्याही पायात चपला नव्हत्या. कुणीही म्हणालं नाही की ही आपली नव्हे. बाबा खाली बसले नाहीत. कुठलीच खुर्ची लागली नाही. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

नंतर कॅन्टीनमध्ये सगळे चहा प्यायला बसले तेव्हा काकांनी मला बाजूला बोलावलं. काउंटरवरून नारळ परत घ्यायचाय म्हणाले. नारळ घेतला, तो हातात फिरवत राहिले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पोरी, ही आमची नाय. आमची हिच्यापेक्षा उंच होती. मी तिच्या खाली उताणा झोपून काम केलेलं आहे, मला माहीत नसणार?"

मी कॅन्टीनच्या दाराकडे बघितलं.

"बाबांना बोलू नको हां. महिनाभर माणूस कसा खुशीत आहे. उगाच कशाला?"

"नाही बोलणार, काका," मी म्हटलं.

बाकीचे सगळे ट्रेनने गेले. बाबांची तब्येत मनात धरून मी टॅक्सी बोलावली होती. आम्ही गेटपर्यंत पोचलो तेव्हा आतून पुन्हा तो धप्प आवाज आला. या वेळी बाबांचा हात हलला नाही.

गाडी कळव्याच्या पुलावर आली. खाडीला भरती होती. बाबा खिडकीतून पाण्याकडे बघत म्हणाले, "आपली नव्हती ती."

मला वाटलं होतं की हे वाक्य ऐकलं की माझं काय होईल कोण जाणे. काहीच झालं नाही. "कधी कळलं?" मी विचारलं.

"पलीकडे जाऊन बघितलं तेव्हा. आपल्या प्रेसचं चाक डाव्या अंगाला होतं. फोटोत ती बाजूच नव्हती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला माहीत होतं."

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो. मी सांगणार होते, बाबा. रोज सांगणार होते."

"बरं झालं नाही सांगितलंस," ते म्हणाले. "आणि आता कोपरला काही कळवू नकोस. एवढ्या हौसेने आलेला, नारळबिरळ घेऊन. त्याला वाटतंय तीच आहे."

"नाही कळवणार," मी म्हटलं. तासाभरात हे दुसरं वचन होतं, आणि दोन्ही मी आजवर पाळलीयत.

मग बाबांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बोलू लागले. इतकी वर्षं घरात न बोललेलं ते टॅक्सीत बोलले, ड्रायव्हरच्या मागे बसून. "पेपर बघितला तेव्हा आनंद झाला मला. ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. आणि हा म्हणाला पूजा करू, तर मी हो म्हणून बसलो. मग झोप उडाली. वाटायला लागलं, सगळ्यांसमोर तिच्यापुढे उभा राहिलो आणि हात पुढे गेलाच नाही तर? अपघातानंतर मी एकदाही कुंकू लावलेलं नाही. कंपनीत त्या दिवशी रजा टाकायचो. घरी तुझ्या आईला माहीत आहे, ती कधी बोलली नाही. आज पलीकडे गेलो, चाक बघितलं, आणि सुटलो. ती असती ना, तर माझा हात उठला नसता गं. ही दुसऱ्या कुणाची तरी होती म्हणून जमलं."

मी त्यांचा हात धरला. ते हात काढून घेतील असं वाटलं होतं. त्यांनी काढला नाही.

"कुठली मग ही?" त्यांनी विचारलं.

"इथलीच. कळव्याची."

पूल मागे पडला होता. तरी त्यांनी वळून मागच्या काचेतून बघितलं. "इथल्या लोकांना बोलावलं होतंत का कधी? तिच्यावर काम करणाऱ्यांना?"

"नाही."

"का?"

"सुचलंच नाही आम्हाला, बाबा."

त्यांनी मान हलवली. रागावले नव्हते. मुंब्र्याच्या पुढे गेल्यावर ते म्हणाले, "पेपर त्यांच्याकडेही येत असेल. त्यांच्यातलाही कुणीतरी म्हणाला असेल, ही आपली. आणि घरचे म्हणाले असतील, अशा काय ढिगाने असतात."

आई गॅलरीत उभी होती. दार उघडून तिने माझ्याकडे बघितलंच नाही, बाबांना म्हणाली, "जमलं?" ते म्हणाले, "जमलं," आणि पाय धुवायला गेले. आईने पाटावरची विळी उचलायला हात लावला होता, तो मागे घेतला आणि कुंकवाचा करंडा बाबांसाठी पुन्हा पाटावर ठेवला.

प्रदर्शन अजून चालू आहे. चौथऱ्यावरचा टिळा मी रंगवून घेतलेला नाही, मॅडमनीही विचारलं नाही. फलकावर साहित्याच्या आधी मी एक ओळ वाढवलीय, 'कळव्यातील एका बंद कारखान्यातून.' आणि काळजी काही गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. दालनात कुणी वयस्क माणूस प्रेसपाशी जरा जास्त वेळ रेंगाळला की मी हातातलं काम टाकून त्याच्या हातांकडे बघते.